मागच्या दाराचं कुलूप आणि आठ महिने फिरलेली फाइल

"चाबी इथंच राहते मॅडम, पण कोणती ते पाहा लागते."

सुरक्षा चौकीतल्या दादांनी असं म्हणत जुडगा टेबलावर ठेवला. एका तारेत ओवलेल्या चाळीसेक चाव्या, एकीलाही चिठ्ठी नाही. आमच्या मुलींच्या वसतिगृहात तेव्हा आग लागल्यास बाहेर पडण्याची रंगीत तालीम चालू होती. घंटा वाजत होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुली मागच्या जिन्याने उतरून बंद दाराशी दाटीने उभ्या होत्या. चावी सापडली तर कुलूप गंजलेलं. मेसमधून तेल आणून सोडलं, तेव्हा कुठे ते निघालं. चौदा मिनिटं लागली. खरी आग असती तर जिना धुराने भरायला एवढा वेळ लागत नाही. दाराच्या जाळीतून बाहेर आलेली एका मुलीची बोटं मला आजही दिसतात.

मी नागपुरातल्या एका विद्यापीठात शिकवते आणि या वसतिगृहाची अधीक्षक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. त्याआधीच्या महिन्यात काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. २२ सप्टेंबरच्या रात्रीपासून २३ च्या पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात होत्या. शंकरनगर भागातल्या मूकबधिर शाळेतल्या मुलांना बचाव पथकांनी बाहेर काढलं. आमच्याकडे तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं, वीज गेली, जनरेटरही पाण्यात. मुलींना वर नेलं, पण किती मुली न्यायच्या आहेत हेच मला कळेना. महालक्ष्म्यांचे दिवस होते, बऱ्याच जणी जेवणाला गावी गेलेल्या, आणि गावी जाण्याची नोंदवही कार्यालयात, कुलपात. मी अंधारात दारं वाजवत फिरले. ती रात्र गेली, कुणाला खरचटलंही नाही. पण आराखड्याचं काम आलं तेव्हा मी एका शब्दाने कुरकुर केली नाही, ती याच रात्रीमुळे.

समिती, बैठका, जुना आराखडा मागवणं हे सगळं दीड महिन्यात उरकलं. जुना आराखडा कुठून तरी उतरवलेला होता. भूकंपावर अकरा पानं, आणि उन्हावर एक ओळ नाही. भूकंपाच्या दृष्टीने नागपूर कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. इथे उन्हाळी परीक्षा चालू असताना पारा पंचेचाळिशीपार जातो. आम्ही ऊन, पाणी, आग, मेसचा गॅस आणि वीज-वादळ अशी पाच प्रकरणं नव्याने लिहिली. ते काम मनासारखं झालं.

अडलं ते मागच्या दाराशी.

मागणी साधी होती. दाराला आतल्या बाजूने आडवी दांडी बसवायची. दांडी दाबली की दार उघडतं, बाहेरून मात्र चावीशिवाय उघडत नाही. दार उघडलं की अधीक्षकाच्या खोलीत घंटा वाजते. मोठ्या दुकानांत, सिनेमागृहांत ही दांडी सगळ्यांनी पाहिलेली असते. ६ डिसेंबरला टिपणी सादर केली.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. रात्री मुली बाहेर जातील, बाहेरचं कुणी आत येईल. ही काळजी मला खोटी वाटत नाही, पालकही हेच विचारतात. म्हणूनच घंटेची सोय मागितली होती, पण टिपणीत ती दुसऱ्या पानावर होती आणि दुसरं पान कुणी उलटलं नाही. फाइल परत आली. घंटा पहिल्या ओळीत घालून पुन्हा पाठवली. मग बांधकाम विभागाने विचारलं, ही दुरुस्ती की नवीन खरेदी? दुरुस्ती असेल तर लेखाशीर्ष, म्हणजे ज्यातून पैसे निघतात तो खर्चाचा रकाना, वेगळं, खरेदी असेल तर वेगळं. या एका प्रश्नावर जानेवारी आणि फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये खर्चाची वर्षअखेर, कुणी फाइलला हात लावेना. एप्रिलमध्ये शेरा आला, 'इमारतीचा मंजूर नकाशा जोडावा.' नकाशा त्याच विभागाच्या कपाटात. त्यांच्याच कपाटातला कागद मागायला मी त्यांनाच अर्ज केला. मे महिन्यात तीनपैकी एका दरपत्रकावर जीएसटी क्रमांक नव्हता म्हणून तिन्ही दरपत्रकं नव्याने मागवली.

या काळात किती चकरा मारल्या त्याचा हिशेब नाही. त्या टेबलावरचे बाबू दर वेळी शांतपणे म्हणायचे, "होऊन जाईल मॅडम, घाई काहाले करता?" त्या वेळी माझ्या वसतिगृहात एकशे बावन्न मुली झोपत होत्या. मला घाई होती आणि ती योग्यच होती. अजूनही त्या जिन्यावरून जाताना माझा घसा कोरडा पडतो.

फाइल हलली ती तालमीच्या अहवालाने. ही तालीम मी जूनअखेरीस मुद्दाम घेतली, मुली नव्या सत्रासाठी परतल्यावर. आधी चावीबद्दल कुणालाही सांगितलं नाही आणि कुलसचिवांना हातात घड्याळ घेऊन मागच्या दाराशीच उभं केलं. अग्निशमनातले एक निवृत्त अधिकारी निरीक्षक म्हणून आले होते. त्यांनी एकच ओळ लिहिली: 'बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कुलूपबंद, उघडण्यास चौदा मिनिटे.' खाली कुलसचिवांची सही घेतली. सहा आठवड्यांत, ९ ऑगस्टला दांडी बसली.

त्यामुळे कुणी हे काम हाती घेत असेल तर माझं पहिलं सांगणं, तालीम आधी घ्या, मागणी नंतर करा. मी उलट केलं. कागदावरचा धोका कुणाला दिसत नाही, मिनिटं दिसतात. आणि सही करणारा माणूस त्या दाराशी उभा असू द्या.

अग्निसुरक्षेचा फॉर्म बी आहे, महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यातला. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तपासणीला एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी स्वतः त्याच्यासोबत फिरा. तो नळी आणि आग विझवायचे सिलिंडर बघतो, त्याला दारंही दाखवा. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे तर मेसच्या मावशीही बघू शकतात. आमच्या मावशी आता दर सोमवारी बघतात.

एकत्र जमण्याची जागा ठरवताना आम्ही आधी वाहनतळ लिहिला होता. मे महिन्यात दुपारी तिथे दीडशे मुलींना अर्धा तास उभं करून बघा, दोघी-तिघी तरी चक्कर येऊन पडतील. आता दिवसा ग्रंथालयाचा व्हरांडा आणि रात्री वाहनतळ, अशा दोन जागा आहेत. कडुनिंबाखालची जागा सावलीची असली तरी आम्ही खोडली, वादळात फांद्या कोसळतात आणि विजेच्या वेळी झाडाखाली उभं राहायचं नसतं.

नागपूरला एक गोष्ट फार मोलाची आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी, दोन्ही आपल्या गावात आहेत. मार्गदर्शनासाठी पत्र लिहायला संकोच करू नका. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) मुलांपैकी 'आव्हान' हे आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर केलेली कुणी आहेत का तेही विचारा. आमच्याकडे दोघी निघाल्या, आणि स्ट्रेचर कसं उचलायचं ते त्यांनीच सगळ्यांना शिकवलं.

दांडी बसल्यावर सप्टेंबरमध्ये पुन्हा तालीम घेतली, रात्री साडेदहाला, दिवे घालवून. पायाला प्लास्टर असलेली एक मुलगी होती, तिला दोघींनी हातांची खुर्ची करून आणलं. शेवटची मुलगी तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर होती. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गावी जाण्याची नोंदवही आता मुख्य दाराशी, टॉर्च आणि भोंग्याशेजारी उघड्यावर असते. भोंग्याचे सेल मात्र आत घालून ठेवू नका, पडून राहिले की गळतात, आमचा एक भोंगा तसाच गेला. सेल वेगळ्या डबीत ठेवा आणि डबी भोंग्यालाच बांधा.