एव्हबरीची खिरापत

आमच्या ड्रुइडांच्या, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव घेऊन आज निसर्गाचे सण पाळणाऱ्यांच्या गटात माझं काम एकच, बसस्टॉपवर उभं राहणं. स्विंडनहून येणारी बस एव्हबरीला, इंग्लंडमधल्या प्राचीन दगडी रिंगणाच्या गावात, 'रेड लायन' पबपाशी थांबते. तिथे मी थर्मास घेऊन उभी असते. उतरून बावरल्यासारखं इकडेतिकडे बघणारं कुणी दिसलं की समजायचं, हे आपलं माणूस. नवखे लोक पांढऱ्या झग्यांचे फोटो बघून येतात आणि इथे बघावं तर निम्मे ड्रुइड रेनकोटात. (मी साडीवर स्वेटर आणि पायात गमबूट. फोटो मागू नका.)

हे काम मी मागून घेतलंय. माझ्या पहिल्या साविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, गेलेल्यांना आठवायच्या सणाला, माझी बस चुकली. पोचले तोवर विधी सुरू झाला होता. पंधरा-वीस माणसं हातात हात धरून गोल उभी. एकदा रिंगण आखलं की मधेच घुसायचं नसतं एवढं वाचून आले होते, म्हणून एका दगडाआड, मेंढ्यांच्या लेंड्यांत पाऊण तास उभी राहिले. कुणी हाकललं नाही. कुणी बोलावलंही नाही.

तेव्हा आत्या आठवली. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की ती स्वयंपाकघरात वाणाची मांडामांड करत बसायची. नवरा गेल्यापासून बाहेरच्या खोलीत आलीच नाही. तिलाही 'येऊ नकोस' असं कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं.

विधी संपल्यावर गट चालवणाऱ्या बाईंना मी हे सगळं, जरा रागातच, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढच्या वेळी वाटेवर कोण उभं राहील?" झालं. तेव्हापासून मीच.

या बाईंची एक गोष्ट मला फार आवडते. नव्या माणसाला त्या आधीच सांगून टाकतात की हे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत, जुने ड्रुइड त्यांच्या कितीतरी नंतरचे, आणि आपले विधी तर अगदीच अलीकडचे. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर इओलो मॉर्गानुग नावाच्या वेल्श पाथरवटाने गोर्सेद, म्हणजे कवी-ड्रुइडांची सभा, भरवली. त्याने 'प्राचीन' म्हणून पुढे आणलेलं बरंचसं साहित्य त्याचं स्वतःचंच होतं. आमच्यातले बरेच जण ज्या ड्रुइड ऑर्डरचा, म्हणजे संघाचा, अभ्यासक्रम करतात, ती रॉस निकल्सने १९६४ मध्ये काढली. हे ऐकून काही जणांचा हिरमोड होतो. माझा नाही झाला. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे पुराणकाळातला, १८९० च्या दशकातलाच की.

वर्षाला आठ सण, म्हणजे साधारण दर सहा-सात आठवड्यांनी एक. हे अंतर मला अगदी बेताचं वाटतं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय हे लक्षात राहतं, आणि एकमेकांचा कंटाळाही येत नाही. विधीआधी दहा मिनिटं सगळं समजावून सांगतो: चारी दिशांना शांतता मागायची, 'आवेन', म्हणजे वेल्शमध्ये प्रेरणा, तीनदा लांबवून म्हणायचं (माझा पहिल्या वर्षी हमखास ओम व्हायचा), बोलायचं नसेल तर गप्प राहिलं तरी चालतं. पेले दोन फिरतात, एक मधाच्या दारूचा आणि एक सफरचंदाच्या रसाचा. दुसरा का, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं चुकत चुकत जमलं. एकदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमचा इम्बोल्क हा सण आणि रथसप्तमी जवळजवळ आल्या, म्हणून मी हौसेने तिळाच्या वड्या नेल्या. "घ्या, गोड बोला" म्हणत वाटत सुटले. एका मुलीने घास तोंडाशी नेला आणि विचारलं, "यात तीळ आहेत का?" तिला तिळाची ॲलर्जी होती. माझे हातपाय गार पडले. आता प्रत्येक डब्यावर आत काय काय आहे याची चिठ्ठी असते.

आणि चिठ्ठीमुळे माझी खिरापत अडली! सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तो सण भोंडल्याच्या आगेमागेच येतो. रिंगण तर होतंच, हत्ती तेवढा नव्हता. मग तोड काढली: "गहू नाही, तीळ नाही, शेंगदाणे नाहीत. बाकी ओळखा." डब्यात वाटली डाळ. मी डबा कानाशी धरून हलवला. केक? नाही. चीज? नाही. तीन सणांपासून येऊन मागे उभा राहणारा, एक शब्दही न बोललेला उंच माणूस एकदम ओरडला, "हमस!" सगळे हसले. तोही हसला, आणि त्यानंतर मोहरीवर, मग त्याच्या आईच्या लोणच्यावर अर्धा तास बोलत राहिला. पुढच्या वेळी ब्रेड त्याने भाजून आणला.

साविनला प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ते पुन्हा म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. गेल्या वर्षी मी आत्याचं नाव घेतलं. त्यात 'ळ' आहे. एकोणीस जणांनी जोरात म्हटलं, आणि एकालाही तो 'ळ' जमला नाही.