फलाटावरचं छोटं मशीन आणि बाबांचा किलोमीटरचा हिशोब

फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन, सकाळची गर्दी, पिसाची गाडी सुटायला बारा मिनिटं उरलेली आणि बाबा फलाटाच्या तोंडाशी एका छोट्या मशीनसमोर उभे, हलायलाच तयार नाहीत. मी मागून "बाबा चला, बाबा चला" करतेय, आई पुढे जाऊन डबा शोधतेय.

इटलीत रेजिओनाले म्हणजे साध्या लोकल-पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट काढलं की गाडीत चढायच्या आधी ते या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. ती छापली नाही तर पैसे भरलेलं तिकीट खिशात असूनही दंड होतो. मी बाबांना एवढंच सांगितलं होतं की तिकीट आत सरकवा. त्यांनी पहिलं सरकवलं, खट् असा आवाज आला, त्यांनी तिकीट बाहेर काढून चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं, तारीख वाचली, वेळ वाचली, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितली. मग दुसरं. मग तिसरं. आणि म्हणाले, "अगं, हेच करत होतो की मी."

बाबा मिरज स्टेशनला बुकिंगच्या खिडकीवर होते. पुठ्ठ्याच्या तिकिटांचा काळ. खणातून जयसिंगपूरचं नाहीतर कोल्हापूरचं तिकीट ओढायचं, लोखंडी मशीनमध्ये सरकवायचं, खट्, तारीख उमटली की खिडकीतून बाहेर. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा हा आवाज ऐकलाय, पण फ्लॉरेन्सला तो माझ्या कानात शिरलाच नाही, बाबांनी सांगितल्यावर आठवलं. त्या फलाटावर मी त्यांना घाई करत होते याचं मला अजून वाईट वाटतं. तासाभराने पुढची गाडी मिळाली असती, आणि हे तिकीट एकाच गाडीला बांधलेलं नव्हतंच.

युरोपात स्वस्त रेल्वे तिकीट कसं मिळवायचं हे मला सगळे विचारतात. मी या ट्रिपसाठी तीन महिने रात्री जागून तेच केलंय, त्यामुळे सांगते, पण आधी मनात साठलेलं बोलते. सगळीकडे एकच सल्ला असतो, लवकर बुक करा. जर्मनीच्या गाड्यांचं सुपर श्पारप्राइस, ऑस्ट्रियाचं श्पारशीने, ही सवलतीची तिकिटं लवकर येणाऱ्याला स्वस्त, मान्य. पण ही सगळ्यात स्वस्त तिकिटं बहुतेक रद्द होत नाहीत, आणि ती ठराविक गाडीलाच चालतात. आता आपला पासपोर्ट भारताचा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली अशा बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच करता येतो, त्यात अपॉइंटमेंट मिळेल तेव्हा, मग पासपोर्ट परत येईपर्यंत जीव टांगणीला. तिघांची न रद्द होणारी तिकिटं काढायची आणि एकाचा जरी व्हिसा अडकला तर? माझी हिंमत झाली नाही. जर्मनीतलं म्युनिक ते इटलीतलं व्हेरोना, ब्रेनरच्या घाटातून जाणारी गाडी, पहिल्यांदा बघितली तेव्हा माणशी चाळीस युरोच्या आत होती, तिघांचे व्हिसे हातात आले तेव्हा नव्वदच्या वर. काढली शेवटी, आईला आल्प्स गाडीच्या खिडकीतून बघायचे होते म्हणून.

बाबांना हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. तीच गाडी, तीच सीट, तेवढेच किलोमीटर, मग भाडं दुप्पट कसं? आपल्याकडेही २०१६ पासून राजधानी-शताब्दीला फ्लेक्सी फेअर, म्हणजे सीटा भरतील तसं वाढणारं भाडं, आलंय, पण बाबा तोवर रिटायर झाले होते आणि त्यांच्यासाठी भाडं म्हणजे किलोमीटर आणि क्लास, बास. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याला आपली तारीख सहा महिने आधी माहीत असते त्याच्यासाठीच ही स्वस्ताई आहे, आणि व्हिसाच्या रांगेतल्या माणसाला ती तारीख माहीत नसते.

म्हणून मी मग ठरलेल्या भाड्याची तिकिटं शोधत गेले आणि खरी ट्रिप तिथेच झाली. युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, बघितला होता, पण इटली-फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना पासवर वरून सीट रिझर्वेशनचे वेगळे पैसे पडतात, आणि आमचे लांबचे प्रवास दोनच, हिशोब बसेना. बायर्न तिकीट, म्हणजे जर्मनीच्या बायर्न राज्यातलं दिवसभराचं तिकीट, मात्र बसलं. म्युनिकहून साल्झबुर्गला जाऊन संध्याकाळी परत, तिघांचे मिळून पन्नास युरोच्या आसपास, आणि आदल्या मिनिटाला मशीनवर काढलं तरी तेवढेच. अट एवढीच की वेगवान गाडीत चढायचं नाही, रीजनलच घ्यायची, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, ती बाबांनी स्वतःच्या पेनाने लिहिली, रजिस्टरमध्ये लिहितात तशी एकाखाली एक. रोजेनहाइम स्टेशन गेल्यावर आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, डब्यात चटणीचा वास पसरला, समोरच्या आजींनी हसून बघितलं, आईने अर्धी दशमी पुढे केली आणि त्यांनी ती खाल्ली. साल्झबुर्ग गाव सुंदर आहे, त्याच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. जाताना पासपोर्ट मात्र सोबत ठेवा, साल्झबुर्ग ऑस्ट्रियात येतं आणि परतताना गाडीत जर्मन पोलीस तपासतात.

व्हेरोनाचे दोन दिवस पावसात गेले. फ्लॉरेन्स ते रोम मी वेगवान गाडी घेतली, कारण तिथे २०१२ पासून त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्या एकाच मार्गावर धावतात, त्यामुळे तीन आठवडे आधीसुद्धा माणशी पंचवीसच्या आत मिळालं. दोघांच्या वेबसाइट शेजारी-शेजारी उघडून बघा, एवढंच त्यातलं गुपित.

पण पिसाला जायला रेजिओनालेच. माणशी नऊ-दहा युरो, आज काढा नाहीतर महिन्याभरापूर्वी, भाडं तेच, कारण ते अंतरावर ठरतं. हे मी बाबांना गाडीत बसल्यावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, तिकिटं हातात धरून बसले.

एम्पोली स्टेशन गेल्यावर टीसी आली, तिशीतली मुलगी, गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं मशीन. बाबा सीटवरून अर्धे उठलेच, ड्युटीवरच्या माणसासमोर उठायची त्यांची सवय आहे. तिने तिन्ही तिकिटांवरचे शिक्के नीट बघितले, अंगठ्याने एक सरळ केलं आणि "ग्रात्सिए" म्हणून परत दिली. बाबांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं.

"किती किलोमीटर गं हे?"

मी फोनवर बघितलं. ऐंशीच्या आसपास.

ते खिडकीबाहेर बघत ओठातल्या ओठात भागाकार करायला लागले.