अजून अर्धा फेरा

आठ दिवसांच्या प्रवासातले सात दिवस छान गेले. डोंगर, नदी, पहाटेचं धुकं सगळं मिळालं, फोटोही आहेत. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवसाचं खापर फोडायला माझ्याशिवाय दुसरं डोकंच सापडत नाही.

घाट उतरून सपाटीला लागलो तसा पिकअपमध्ये गंधकासारखा उग्र वास यायला लागला. मित्र म्हणाला क्लच, मी म्हणालो ब्रेक. दोघेही चुकलो. खाली उतरून पाहिलं तर मागच्या उजव्या चाकाच्या मधोमध काळपट तेल ओघळून टायरपर्यंत आलेलं. गिअर ऑइल. चाकाच्या मध्यावर एक्सलचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, गोल ताट असतं. आमच्या गाडीत ते आठ बोल्टांनी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याला, बांधलेलं आहे. त्या आठांतल्या दोघांची डोकीच गायब होती आणि तिसरा बोटानं हलत होता.

आता कबुली. निघायच्या आदल्या संध्याकाळी हबचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, बदललं आणि ते आठही बोल्ट मीच आवळले. पेटीत टॉर्क रेंच होता, ठरवलेला जोर लागला की ‘टक’ वाजणारा पाना. पण एवढा लांबचा पल्ला, रस्ते खराब, म्हणून पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला आणि प्रत्येकाला अजून अर्धा फेरा दिला. आट्यांना तेलही चोपडलं होतं, गंजू नयेत म्हणून. दोन बोल्ट शेवटी जरा मऊ लागले होते. जोर वाढवला नाही तरी अलगद फिरत होते. मला वाटलं, मस्त बसले.

नशीब एवढंच की या गाडीत मागचं वजन हबच्या बेअरिंगांवर असतं, एक्सल फक्त चाक फिरवतो. ज्या हलक्या गाड्यांत चाक थेट एक्सललाच बांधलेलं असतं, तिथे असला उद्योग केला असता तर हे लिहायला मी कितपत शाबूत राहिलो असतो, कोण जाणे.

दुसऱ्या गाडीला दोर बांधून गॅरेजपर्यंत आलो. बसायला एकच स्टूल, त्यावरही बॅटरी ठेवलेली. तीन तास उन्हात उभे होतो आणि मी तक्रार करतोय असं नाही, पण करतोयच.

गॅरेजवाल्या काकांनी आधी उरलेले बोल्ट काढले, खाली तेलाला घमेलं धरलं आणि एक्सल ओढून बाहेर काढला. जॅक नाही, चाक काढणं नाही. गाडी जमिनीवर उभी आणि कमरेएवढा दांडा त्यांच्या हातात. हबमध्ये दोन तुटके तुकडे राहिले होते. मी मोठ्या रुबाबात माझ्या पेटीतला एक्स्ट्रॅक्टर पुढे केला, तोच तो, भोक पाडून उलटा पिळायचा. काकांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला.

“हा आत मोडला तर याला कोण काढणार? याच्यावर ड्रिल चालत नाही.”

मग त्यांनी एक छोटा टोकदार पंच घेतला, तुकड्याच्या कडेजवळ तिरका धरला आणि हातोडीनं टुक, टुक. तुकडा हलला. आणखी दोन टुक. मग पंच ठेवून दिला आणि बाकीचा तुकडा चक्क बोटाच्या टोकानं फिरवत बाहेर आणला. मी ड्रिल, धूर, शिव्या, रात्रीचा मुक्काम या सगळ्याची मनात तयारी करून उभा होतो.

“डोकं उडालं तेव्हाच त्याचा ताण सुटला,” काका म्हणाले. “आता त्याला आत धरून ठेवणारं आहे कोण?”

दुसरा मात्र अडून बसला. त्याचे आटेच ओढले गेले होते. काकांनी आजूबाजूचं तेल पुसलं, बॅटरीची तार सोडली, वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा चेसिसला न लावता हबलाच लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. तुकड्यावर नट ठेवून आतून टाका मारला. लालभडक नट पाहून मी पाना घेऊन पुढे सरसावलो.

“थांबा हो. जरा निवू द्या.”

पहिला टाका सुटला. दुसऱ्या वेळी नट काळा पडेपर्यंत थांबले, मग थोडं पुढे, थोडं मागे करत तुकडा निघाला.

न तुटलेल्या सहांपैकी एक उचलून काकांनी त्यावर नवा नट फिरवायला दिला. चार आटे सरळ गेला आणि अडकला. तिथे बोल्ट ताणला गेला होता. डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला, त्यातला टिंबापुढचा ९ म्हणजे तुटायच्या ताकदीच्या ९० टक्क्यांपर्यंत तो स्प्रिंगसारखा मागे येतो, त्यापुढे नेला की येत नाही. तो मऊपणा म्हणजे बोल्ट बसण्याचा नव्हता, लांबण्याचा होता. त्यात माझं तेल. पान्यावरच्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. ते घर्षणच मी कमी करून ठेवलं होतं, म्हणजे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला गेला. आठही बोल्ट नवे घातले.

काकांनी ते समोरासमोरचे धरून, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं आवळले. शेवटचा माझ्याकडे दिला. ‘टक’ आवाज आला, तरी माझा हात पुढे निघालाच. काकांनी काही न बोलता रेंच काढून घेतला.

पुढच्या थांब्यावर मित्रानं हबला बोट लावून पाहिलं. कोरडं होतं. पान्यांची पेटी मात्र उरलेले पाच दिवस त्यानं स्वतःच्या पायाखाली ठेवली.