चुनखडी वाढवा, सगळे म्हणाले

गॅसिफायर म्हणजे कोळशाचा गॅस करणारी भट्टी. तिच्या तळाच्या लॉक हॉपरमधून (दाबाखालून राख बाहेर काढणाऱ्या टाकीतून) पडणारा स्लॅग, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, निम्म्यावर आला, तेव्हा कंट्रोल रूमच्या पॅनेलवरच्या एकाही आलेखात ठळक गडबड दिसत नव्हती. चीनच्या शाआन्शी प्रांतात, यूलिनच्या परिसरात कोळशापासून मिथेनॉल बनवणारे बरेच कारखाने आहेत. त्यांतल्या एकात मी प्रोसेसचं काम बघत होतो. नाव सांगत नाही. गॅसिफायर स्लरीवर चालणारे, ६५ बार दाबाचे, आतून क्रोमियाच्या (क्रोमियम ऑक्साइडच्या) उष्णतारोधक विटा. दोन चालू, एक राखीव.

या प्रकारात कोळसा जाळीवर पडून जळत नाही. पिठासारखा दळून पाण्यात कालवलेला, साठ-बासष्ट टक्के कोळशाची स्लरी आणि जवळपास शुद्ध ऑक्सिजन वरच्या बर्नरमधून एकदम आत सुटतात. तेराशे-चौदाशे अंशांत काही सेकंदांतच कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. तेवढ्याच वेळात राख वितळायला हवी, भिंतीवरून ओघळत तळाच्या भोकातून खालच्या पाण्यात पडायला हवी. लॉक हॉपर साधारण अर्ध्या तासाने बंद होतो, त्यातला दाब काढतात, स्लॅग खाली टाकतात, पुन्हा पाणी आणि दाब भरून वरची झडप उघडतात. गॅस आपोआप होतो. खरी नोकरी असते ती स्लॅग वाहता ठेवण्याची.

भारतात ही पद्धत का रुजली नाही, असं मला नेहमी विचारतात. आपल्या बहुतेक कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राख. ती सगळी वितळवायची तर तेवढा ऑक्सिजन नुसत्या दगडावर खर्च. रामगुंडम आणि तालचेरचे कॉपर्स-टोट्झेक (कोळशाची पूड वापरणारे जुने) गॅसिफायरवाले खत कारखाने १९९९ मध्ये बंद पडले, त्यात वीजटंचाईसारखी इतरही कारणं होती. तालचेरच्या नव्या प्रकल्पात कोळशात पेटकोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा, फार कमी राखेचा कोक) मिसळायचं ठरलं, ते राखेचं प्रमाण उतरावं म्हणूनच.

तर, स्लॅग कमी. आतलं तापमान थेट कळत नाही, कारण थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, या वातावरणात फार टिकत नाहीत. मग गॅसमधल्या मिथेनवरून अंदाज बांधायचा: मिथेन वाढला की आत थंड, उतरला की गरम. मिथेन होता तिथेच होता. गॅसिफायर आणि क्वेंच (खालचा पाण्याचा कप्पा) यांच्या दाबांतला फरक, म्हणजे डीपी, मात्र हळूहळू वर सरकत होता, म्हणजे भोक बारीक होत होतं. राख लवकर वितळावी म्हणून कोळशात चुनखडी घालतातच. शिफ्ट प्रमुखाने एसओपी, म्हणजे लिखित कार्यपद्धती, उघडली. त्यात लिहिलेलं: डीपी वाढल्यास चुनखडी वाढवा, तापमान वाढवा. चुनखडी कोळशाच्या दोन टक्क्यांवरून तीनवर नेली.

इथे एक मेख आहे, ती पॅनेलवर बसल्याशिवाय लक्षात येत नाही. चुनखडी कोळसा दळणाऱ्या मिलच्या तोंडाशी पडते आणि मधे स्लरीची मोठी टाकी असते. आता केलेला बदल गॅसिफायरला पुढच्या शिफ्टमध्ये कळतो. तोवर 'काही फरक पडत नाही' म्हणून माणूस अजून थोडी वाढवतो. मग ऑक्सिजनही वाढवला. मिथेन उतरला, स्लॅग धबाधबा आला, त्यात केसासारखे बारीक काचेचे धागे होते. हे धागे दिसले की आत फार गरम आहे आणि विटा झिजताहेत असं समजायचं. पॅनेलवर मात्र सगळे खूश. नंतर विटा वाचवायला ऑक्सिजन मागे घेतला, लोड उतरवला, आणि भोक एकदम आवळलं. गॅसिफायर बंद करावा लागला. राखीव गॅसिफायर तापवून ठेवलेला होता म्हणून निभावलं. थंड विटा तापवायच्या तर त्यातच दोन-तीन दिवस जातात.

उघडल्यावर भोकाची चंद्रकोर उरली होती. स्लॅग फोडून काढताना मी एक तुकडा घेतला. चांगला स्लॅग काळा, काचेसारखा चकचकीत असतो आणि तुटला की धारदार कड येते. हा राखाडी, निस्तेज, तुटलेल्या तोंडाला रवाळ. हा घट्ट झालेला द्रव नव्हता, त्यात स्फटिक धरले होते. पाकात साखर जास्त झाली की तार येत नाही, दाणे धरतात, तसं. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत, गेहलेनाइट निघालं. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकाचं हे खनिज चुना जास्त झाल्यावरच येतं.

मग कोळशाचे कागद काढले. प्रयोगशाळेच्या नोंदीत काही दिवसांपासून राखेचं वितळण्याचं तापमान चांगलं शंभरावर अंशांनी उतरलेलं. शेरा: कोळसा उत्तम. खाण तीच होती, थर बदलला होता. नव्या थराच्या राखेत चुना मुळातच भरपूर, म्हणून ती लवकर वितळत होती. पण ही चाचणी पट्ट्यावरच्या कोळशाची, चुनखडी पडायच्या आधीची. लवकर वितळतोय म्हणजे आणखी सुरक्षित, असं सगळ्यांनी धरलं आणि जुना डोस तसाच चालू राहिला.

हिशोब कागदाच्या कोपऱ्यावर मावतो. रोज १५०० टन कोळसा, दहा टक्के राख, म्हणजे १५० टन. दोन टक्के चुनखडी म्हणजे ३० टन, तिचा चुना होतो सुमारे १७ टन. जुन्या राखेत चुना आठ टक्के, म्हणजे एकूण स्लॅगमध्ये सतरा टक्क्यांच्या आसपास. नव्या राखेत बावीस टक्के. त्याच डोसने तीसवर गेलो आणि तीन टक्के चुनखडीने तेहतीसवर. चुन्याने राखेचं वितळण्याचं तापमान एका हद्दीपर्यंत उतरतं, पुढे पुन्हा चढतं. एसओपी लिहिणाऱ्याने वाळूसारख्या, सिलिकाच्या कोळशासाठी लिहिली होती, आणि तिथे ती अगदी बरोबर आहे. शिफ्टवाल्याला दोष द्यायला मी तयार नाही. त्याने लिहिलेलं पाळलं. प्रयोगशाळेतल्या 'उत्तम'वर मात्र माझा राग आहे. एका आकड्यावर शेरा मारायचा आणि तो का उतरला हे विचारायचं नाही, ही खोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्याच तुकड्यात क्रोमियमचे स्पिनेलही (एका प्रकारचे स्फटिक) सापडले, म्हणजे विटा विरघळून स्लॅगमध्ये आल्या होत्या. ऑक्सिजन वाढवला त्या तासांत विरघळलेलं क्रोमियम नंतर गार होताना स्फटिकांना बीज ठरलं का? तसं असेल तर ज्या उपायाने स्लॅग धबाधबा आला, त्यानेच पुढचं आवळणं लवकर ओढवलं. गेहलेनाइट किती आणि क्रोमियम किती, हे वेगळं करायला चुनखडी न घातलेला नमुना हवा होता. तो आमच्याकडे नव्हता.

पुढच्या स्टार्ट-अपला चुनखडी शून्य ठेवली. आता प्रत्येक लॉटच्या राखेचं एक्स-रे फ्लुरोसन्स (राखेत कोणतं मूलद्रव्य किती, याची चाचणी) होतं आणि डोस एकूण चुन्याच्या टक्केवारीवरून ठरतो. खरेदी खात्याची तक्रार आहे की अहवाल येईपर्यंत कोळशाच्या गाड्या उभ्या राहतात.