न्हावा-शेव्याहून धोपाव्याला

न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या कंटेनरमध्ये आपलाही माल असेल, म्हणून मी दर खेपेला काच खाली करून बघतो. पुण्यात माझं सर्जिकलचं दुकान आहे. एरवी आयातदार माल ट्रान्सपोर्टने पाठवतो. या वेळी गुहागरपर्यंत जायचंच होतं, तेव्हा उरणच्या गोदामातून खोकी मीच गाडीत भरली. आठ बीपी मशीन, सगळी काट्याची (तबकडीवर आकडा दाखवणारी), शिवाय स्टेथोस्कोप, म्हणजे आमचे स्टेथो, आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. कस्टमच्या कागदावर हा माल ९०१८ या शीर्षकाखाली येतो. ९०१८ ते ९०२२ मधल्या आयातीवर २०२० च्या अर्थसंकल्पाने ५ टक्के आरोग्य उपकर लावला. तेव्हापासून गोदामातली बोलणी तिथूनच सुरू होतात. भावाचीच सगळी. मशीनचा काटा खरं बोलतो का, हे कोणी विचारत नाही. मला ते सलतं.

पेण, माणगाव मागे टाकून दुपारी महाडला जेवलो. जवळच बिरवाडी. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७६ पासून विंचू चावलेले रुग्ण पाहिले. आधी रक्तदाब भडकतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हा क्रम त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपला. पुढे रक्तदाब उतरवणाऱ्या प्राझोसिनच्या गोळीने कोकणातले किती जीव वाचले! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी मात्र तिथून जाताना त्यांच्या हातातल्या, दंडाला गुंडाळायच्या बीपीच्या पट्ट्याचा आणि स्टेथोचा विचार करतो. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात; ती साधनं दहा-पंधरा मिलिमीटरने चुकत असती तर?

कशेडी, खेड, दापोली करत दाभोळला पोचलो तेव्हा फेरीबोट सुटायच्या बेतात होती. या बंदरात अरबी घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथूनच जहाजाने परत गेला. दुसऱ्या एका रशियनाशिवाय, निकोलाय कोरोत्कोव्हशिवाय, माझा धंदाच नसता. पट्टा १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोच्चीने बनवला, पण स्टेथो लावून पट्ट्याखालचे आवाज कसे ऐकायचे, ते कोरोत्कोव्हने १९०५ साली सांगितलं. वाशिष्ठीची खाडी ओलांडताना माझं सगळं लक्ष सीटखाली होतं. तिथे गोधडीत गुंडाळलेलं माझं जुनं पाऱ्याचं मशीन होतं. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या या उपकरणांची निर्मिती आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. भारतानेही २०१८ मध्ये तो मान्य केला. पारा पाण्यात गेला की माशांत उतरतो. मासळीवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर मला तो करार शंभर टक्के पटतो. हे एक मशीन मी फक्त तपासणीसाठी जपून ठेवलंय.

खाडीपलीकडे, धोपाव्याच्या पुढच्या एका दवाखान्यात ते बाहेर काढलं. टी-जोडाने, म्हणजे तीन तोंडांच्या नळीने, पाऱ्याचं आणि काट्याचं मशीन हवा भरायच्या एकाच रबरी बल्बला जोडायचं, दाब २०० वर न्यायचा आणि हळूहळू सोडत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. दवाखान्यातल्या तीन मशीनपैकी एक बरोबर निघालं. दुसऱ्याचा काटा शून्यावर बसतच नव्हता. तिसरं सगळीकडे १२ जास्त दाखवत होतं. खाऱ्या हवेने रबरी नळ्या चिरल्या होत्या, व्हॉल्व्ह हिरवे पडले होते.

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, त्याहून मोठी गोष्ट सांगू? पट्टाच पुरत नाही हो." बाकावर बोटीवरचे एक खलाशी बसले होते, जाळं ओढून ओढून दंड भरलेला. टेप लावली तर ३६ सेंटिमीटर. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण ३४ पर्यंतच्या दंडाचा. पट्टा तोकडा पडला की आकडा चढा येतो. माझ्या गाडीत नमुन्याचा एकच मोठा पट्टा होता. सिस्टरांनी आधी जुन्या पट्ट्याने मोजलं, १५२. थोड्या वेळाने मोठ्याने, १३८. डॉक्टर मॅडमनी खलाशाला दिलेली औषधाची चिठ्ठी परत मागून घेतली आणि गोळी सुरू करण्याआधी आठवडाभर रोज यायला सांगितलं.

मोठा पट्टा तिथेच ठेवला, पैसे घेतले नाहीत. रात्री गुहागरहून आयातदाराला फोन लावला. सुटे पट्टे, बल्ब, व्हॉल्व्ह मागवा म्हटलं. सुट्याला उठाव नाही, असं तो म्हणाला. मग मीच पन्नास मोठ्या पट्ट्यांची ऑर्डर तोंडी दिली, आगाऊ पैसे धरून. पुढच्या कंटेनरला यायला हवेत.