तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचा पगार सोडून का आलो

“अबू धाबीचा एवढा पगार सोडून परत का आलात?” ओझरला चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या रांगेत, आणि परवा तर एका दशक्रियेलाही हाच प्रश्न. विचारणारे बहुतेक आपल्यातलेच असतात, हवाई दलात वीस वर्षं पुरी होत आलेले सार्जंट, नाहीतर त्यांच्या घरचे. आजवर मी “घरची ओढ” म्हणून विषय टाळला. ते खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. आता एकदाच नीट सांगतो.

आधी पैशाचं, कारण तुम्हाला खरं तेच विचारायचं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी पैशासाठीच गेलो. एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, म्हणून हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानांवर वीस वर्षं काढली आणि अडतिसाव्या वर्षी बाहेर पडलो. पेन्शन होती, पण दोन मुली होत्या, वडिलांच्या द्राक्षबागेवर सोसायटीचं कर्ज होतं, आणि इथे माझ्या कामाला सिक्युरिटी सुपरवायझरच्या खुर्चीपलीकडे कुणी विचारत नव्हतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अबू धाबीला गेलो, सी-१३० या मालवाहू विमानांच्या हँगरमध्ये. महिन्याला ७,५०० दिरहॅम. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, तेव्हा रुपयात तो साडेसोळाच्या आसपास होता. म्हणजे जवळजवळ सव्वा लाख. ज्या घरात बसून हे लिहितोय ते त्याच पैशातून उभं राहिलं, मोठीचं इंजिनिअरिंगही त्यातूनच झालं. तेव्हा “तिकडे काही खरं नाही” असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या नावावर तसं कुणी खपवूही नका.

पण त्या ७,५०० मध्ये मूळ पगार होता फक्त ३,०००. बाकी सगळे भत्ते. करार हातात आला तेव्हा मला वाटलं, काय फरक पडतो, एकूण तेवढेच येतात ना. फरक निघताना कळतो. तिथल्या कायद्यात ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. सहा वर्षांचे मला १३,५०० दिरहॅम मिळाले. पूर्ण पगारावर मोजले असते तर ३३,७५० झाले असते. यात कुणी कायदा मोडला नव्हता. मी कागद वाचला होता, मला तो वाचता आला नव्हता.

आणि आम्ही काही अमिरातीच्या हवाई दलाचे नोकर नव्हतो. विमानं त्यांची, देखभालीचं कंत्राट एका मोठ्या कंपनीकडे, आणि आम्हाला तिने एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीकडून घेतलेलं. व्हिसा या शेवटच्या कंपनीचा, पण तळावर जायचा गेट पास वरच्यांच्या हातात. पास गेला की काम गेलं, काम गेलं की व्हिसा गेला. कारण सांगायची कुणाला गरज नव्हती. एकाच विमानाच्या दोन पंखांवर दोन माणसं तेच काम करायची. इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्याला घर, मुलांची फी, कुटुंबाचं तिकीट. आमच्यासारख्या भारतीय, फिलिपिनो, नेपाळी लोकांना कॅम्पात एका खोलीत तिघं. फरक पासपोर्टचा होता. मला याचा राग येतो असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं रागही आला नव्हता. मी माझा पगार नाशिकच्या पगाराशीच ताडून पाहत होतो.

मार्च २०१५ मध्ये येमेनचं युद्ध सुरू झालं आणि हँगरचं वेळापत्रक कोलमडलं. बारा तास, कधी चौदा. त्या सप्टेंबरमध्ये येमेनमधल्या मारिबला क्षेपणास्त्र पडून एका दिवसात अमिरातीचे पंचेचाळीस सैनिक गेले, देशात तीन दिवसांचा दुखवटा होता. आमच्या तळावरची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. ते युद्ध माझं नव्हतं, पण त्या मुलांना नेणारी-आणणारी विमानं माझ्या हाताखालून जात होती. यावर मी फार विचार केला नाही. करायला हवा होता का, हे आजही ठरवता येत नाही. त्याच सुमाराला मला ‘लीड’ केलं. पदनामात सुपरवायझर हा शब्द आला, आणि सुपरवायझरला ओव्हरटाइम लागू नाही असं सांगून तो बंद केला. ३०० दिरहॅम वाढले, ओव्हरटाइमचे हजार-बाराशे गेले.

आता ती रात्र.

ऑगस्ट २०१६, रात्रपाळी. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथे बंदी असते, पण हँगरला छप्पर असतं. दिवसभर उन्हात उभं राहिलेलं विमान आत ओढलं की शेपटीकडचा भाग मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखा असतो. तिथे एलेव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या, बूस्टरचं काम होतं. करत होता एक चोवीस वर्षांचा मुलगा, तिरुनेलवेलीकडचा. सगळ्यांना अण्णा म्हणायचा. मला ते फार जवळचं वाटायचं, कारण माझ्या घरीही थोरल्या भावाला आम्ही अण्णाच म्हणतो. येऊन आठ महिने झाले होते. एजंटने दोन लाख घेतले होते. आज नियमाने ३०,००० रुपयांच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही, तेव्हाची मर्यादा तर त्याहून कमी होती. पण त्याच्या घरचं सोनं गहाण पडलं होतं ते पडलंच होतं.

अडीच वाजता टूल बॉक्सची मोजदाद केली. फोममधली एक खाच रिकामी. सेव्हन-सिक्स्टीनचं सॉकेट, म्हणजे नट फिरवायच्या पान्याचं छोटं तोंड, नव्हतं.

तुम्हाला सांगायला नको, टूल हरवलं की विमान थांबतं, कारण ते आत राहून कंट्रोल अडकवू शकतं. आदल्या वर्षी २ ऑक्टोबरला अफगाणिस्तानात जलालाबादला अमेरिकेचं सी-१३० उडताच पडलं होतं. माल चढवताना एलेव्हेटर वर राहावा म्हणून वैमानिकाने कंट्रोलच्या पुढे नाइट व्हिजन गॉगलची डबी अडकवली आणि ती काढायची राहिली. चौदा माणसं गेली, त्यांत पाच आमच्यासारखी कंत्राटी होती. आणि त्या रात्रीच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, आपल्या हवाई दलाचं एएन-३२ चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह समुद्रावर नाहीसं झालं होतं. ज्या विमानांवर मी वीस वर्षं हात चालवला त्यांतलंच एक. त्याचं कारण काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मला झोप लागत नव्हती.

मुलगा मोडक्या हिंदीत म्हणाला, “अण्णा, शिफ्ट संपेपर्यंत कुणाला सांगू नका. मी शोधतो. पास जाईल माझा.” विमान सहाला द्यायचं होतं. उशीर झाला की कंपनीचे पैसे कापले जायचे, आणि ते कुणामुळे कापले गेले हे सगळ्यांना कळायचं.

मी पंचवीस मिनिटं थांबलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नियमाने एक मिनिटही थांबायचं नसतं. आम्ही दोघांनी टॉर्च आणि आरसा घेऊन केबलच्या मागचा कोपरा न् कोपरा पाहिला. त्याच्या डांगरीचे खिसे मी स्वतः उलटे केले. मग फोन उचलला आणि कळवलं. विमान थांबलं. पॅनेल उघडली, बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला, सकाळी नऊपर्यंत वीस माणसं शोधत होती. सॉकेट नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा पास काढून घेतला. तिसऱ्या दिवशी सॉकेट सापडलं, टूल स्टोअरमध्ये. दिवसपाळीने ते भलत्याच बॉक्समध्ये घालून परत केलं होतं, स्टोअरमध्ये न मोजताच सही झाली होती, आणि मुलानेही बॉक्स घेताना ‘पूर्ण’ म्हणून सही केली होती. त्याची चूक तेवढीच. विमानात काही नव्हतंच. मी आमच्या कंपनीकडे गेलो, ते म्हणाले वरच्यांचा निर्णय आहे. वरच्यांकडे गेलो, ते म्हणाले तुमच्या कंपनीचा माणूस आहे. पाचव्या दिवशी त्याला विमानात बसवून दिलं. कॅम्पातून निघताना तो माझ्या पाया पडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बरोबर होतो का? होतो. त्या क्षणी सॉकेट विमानात नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या स्क्वॉड्रनमध्येही टूल हरवलं की आरडाओरडा व्हायचा, शिक्षाही व्हायची. एअरफोर्स म्हणजे स्वर्ग होता असं नाही. पण जो आपणहून सांगे त्याची नोकरी जात नसे, आणि त्याच्यासाठी अख्खी फ्लाइट, म्हणजे आमची तुकडी, गुडघ्यांवर बसून शोधायची. मी स्क्वॉड्रनमधली सवय अबू धाबीत वापरली, पण तिथे त्या सवयीची किंमत मी भरत नव्हतो, तो मुलगा भरत होता. हे मला कळायला हवं होतं. आणि कळलं असतं तर काय केलं असतं? फोन उचललाच असता. बहुतेक.

त्यानंतर दीड वर्ष माझ्या शिफ्टमध्ये कागदावर एकही टूल हरवलं नाही. एका पहाटे मोजदाद करताना एक सॉकेट हातात आलं, त्यावर बॉक्सचा कोरलेला नंबर नव्हता. बाजारातून आणून कुणीतरी खाचेत ठेवलेलं. म्हणजे मूळचं कुठेतरी होतं. मी ते परत फोममध्ये दाबलं. पुढच्या दोन रात्री, कुणाला न सांगता, ज्या ज्या विमानावर तो बॉक्स गेला होता ती जेवढी हाताला लागली तेवढी शोधली. काही मिळालं नाही. विमानं उडाली, सुखरूप परत आली. पण मी कळवलं नाही. ज्याला मी सार्जंट असताना उभं आडवं घेतलं असतं, तोच मी झालो होतो.

“मग तेव्हाच का नाही निघालात?” माझी बायकोही हे विचारते. घराचे हप्ते अजून दोन वर्षांहून जास्त राहिले होते. ते फिटले आणि मी २०२० मध्ये आलो. याला तत्त्व म्हणायचं की हिशेब, तुम्हीच ठरवा. मी दोन्ही म्हणून पाहिलं आहे.

आता कुणी विचारायला आलं की मी आधी करार मागतो. मूळ पगाराची ओळ, व्हिसा कुणाचा, गेट पास कुणाचा, पासपोर्ट कुणाकडे राहणार. मागच्या आठवड्यात एक सार्जंट कागद घेऊन आला. मूळ पगार ३,२००. मी ग्रॅच्युइटी मोजून दाखवली, त्या मुलाचंही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण सर, एकूण तर नऊ हजार आहेत ना?”

बावीस तारखेचं तिकीट आहे त्याचं.