४४४ विरुद्ध ९४
लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. "बाबा, हिटलरने सत्ता बळकावली ना?" म्हटलं, बळकावली कसली, हातात आणून दिली! नोव्हेंबर १९३२ला त्याची मतं घटून ३३ टक्क्यांवर आली होती. तरी ३० जानेवारी १९३३ला म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख केलं. याला मुठीत ठेवू, हा माजी चॅन्सलर फॉन पापेनचा हिशेब (शहाणाच!). महिन्याभरात राइशस्टाग, म्हणजे संसद भवन जळलं, दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क गुंडाळले. मग २३ मार्च. संसद भरली ऑपेरा हाउसात, आत गणवेशातले गुंड उभे, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर फरार. संसदेला वगळून कायदे करायची मुभा हिटलरच्या सरकारला देणारा कायदा पास, ४४४ विरुद्ध ९४. विरोधातले सगळे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे.

लेकीने वहीत ९४ला पेन्सिलने गोल केला. "यांचं पुढे काय झालं?"

चहा तसाच गार झाला.